ईसा नावाचा धर्म कोणता?

२०२३ च्या रमजानात मी कुवेतमध्ये एका गोदामाचे हिशेब सांभाळत होतो. संध्याकाळच्या पाळीचा इफ्तार तिथे सगळ्यांचा एकत्र होई. कोण कोण बसणार याची यादी आमचे चहापाण्याचे बघणारे चिपळूणचे भाई करत. पगारपत्रकावरची नावे वाचायची, रोजेदार वेगळे काढायचे, झाले काम. महिन्याभरापूर्वी जॉर्डनहून एक स्टोअरकीपर आला होता. त्याचे नाव ईसा. भाईंनी तेही यादीत लिहून टाकले.

माणूस रोज वेळेवर यायचा. अजान झाली की सगळ्यांबरोबर खजूर तोंडात टाकायचा, मसुरीचे सूप प्यायचा. पण बिर्याणीला हात लावायचा नाही, आणि ताकाचा पेला हळूच शेजाऱ्यापुढे सरकवायचा. आठवडा गेल्यावर भाईंना राहवेना. "साहेब, त्या ईसाभाईंना आपल्या हातचं रुचत नाही का हो? जरा विचारा की." मी विचारले, तेव्हा कळले की तो मादबा गावचा ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आहे आणि त्याचाही उपास चालू आहे. ईस्टरच्या आधीचा मोठा उपास. त्यात मांस, दूध, अंडी वर्ज्य. जॉर्डनमधले ख्रिस्ती ईस्टर पूर्वेकडच्या गणनेने पाळतात. त्या वर्षी तो १६ एप्रिलला होता आणि रमजान २३ मार्चला लागलेला, म्हणून दोन्ही उपास एकमेकांवर आले होते. "मग इफ्तारला का बसतोस?" मी विचारले. तो म्हणाला, "तुम्ही बोलावलंत, म्हणून आलो."

भाईंना दोष देण्यात अर्थ नाही. मीही तेच धरून चाललो होतो. शितावरून भाताची परीक्षा करावी तशी आपण नावावरून माणसाच्या धर्माची परीक्षा करतो, आणि ती इतक्या सवयीने करतो की आपण काही ठरवले आहे हेसुद्धा ध्यानात येत नाही. इफ्तारच्या यादीत त्याने काही बिघडले नाही. पण नावावरून धर्म ठरवून घर नाकारले जाते, नोकरीचा अर्ज बाजूला पडतो, चौकशीला थांबवले जाते. मतदारयाद्यांतल्या नावांवरून धर्माचा अंदाज बांधणारे संगणकाचे प्रोग्रामही आता आहेत. माझे म्हणणे असे की नाव हा धर्माचा दाखला नाही आणि सार्वजनिक व्यवहारात तो तसा धरला जाऊ नये. ईसा हे नाव मी मुद्दाम घेतो, कारण धर्माशी याहून घट्ट बांधलेले नाव सापडणे अवघड. ते साक्षात येशूंचे नाव आहे. आणि तेच नाव धर्म सांगत नाही.

अरबीत येशूंना दोन नावांनी ओळखतात. कुराणात ते ईसा, मरियमचे पुत्र ईसा. ख्रिस्ती प्रार्थनेत ते यसूअ. अक्षरे लावून बघावीत. ईसा लिहिताना आधी ऐन, मग ये, मग सीन, आणि शेवटी 'आ' असा उच्चारला जाणारा ये. यसूअ लिहिताना ये, सीन, वाव आणि शेवटी ऐन. ऐन हे घशाच्या तळातून काढायचे व्यंजन आहे. मराठीत ते नाही, म्हणून अली, अरब, ईद हे शब्द आपण त्याच्याविनाच उच्चारतो. एका नावात हा ऐन दाराशी उभा आहे, दुसऱ्यात परसात. हिब्रूतल्या येशूअमध्येही तो शेवटीच आहे आणि पूर्वेकडच्या सिरियाक ख्रिस्त्यांच्या ईशोअमध्येही. केरळातले सिरियन परंपरेचे ख्रिस्ती आजही 'ईशो' म्हणतात, ते तिथूनच आलेले. कुराणातल्या रूपात ऐन पुढे कसा आला यावर पंडितांचे बरेच वाद आहेत, त्यांत मी शिरत नाही. मला महत्त्वाचे वाटते ते पुढचे. जो अरब ख्रिस्ती वेदीसमोर 'यसूअ' म्हणून हात जोडतो, तो आपल्या मुलाचे नाव सहसा यसूअ ठेवत नाही. तो ईसा ठेवतो. चर्चमध्ये प्रभू यसूअ आणि मेणबत्त्या लावणारा पोरगा ईसा, असे पॅलेस्टाइन-जॉर्डनमध्ये सहज दिसते.

मग हे नाव मुसलमानी की ख्रिस्ती? हा प्रश्न बगदादच्या लोकांना हजार वर्षांपूर्वी विचारला असता तर त्यांना तो कळलाच नसता. दहाव्या शतकात तिथे याह्या इब्न अदी नावाचा तर्कशास्त्राचा मोठा आचार्य होऊन गेला. जन्म तिक्रितचा, पंथाने सिरियाक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती, मृत्यू ९७४ मध्ये. याह्या म्हणजे बाप्तिस्मा देणारा योहान, पण हे रूप कुराणातले. चर्चमधले अरबी रूप युहन्ना. या याह्याचा शिष्य ईसा इब्न झुरआ, ९४३ ते १००८. तोही ख्रिस्ती. ॲरिस्टॉटलचे ग्रंथ सिरियाकमधून अरबीत आणणाऱ्यांपैकी एक. म्हणजे योहानाचे आणि येशूंचे, अशी दोन्ही नावे गुरू-शिष्यांनी कुराणातल्या रूपात धारण केली होती, आणि त्यासाठी दोघांपैकी कुणी धर्म बदलला नव्हता. ती भोवतालच्या भाषेत चालणारी नावे होती. बाजारात, दरबारात, दवाखान्यात जी अरबी बोलली जाई तिच्यातली.

त्याच काळात इराणातल्या जुरजानकडचा एक वैद्य होता, अबू सहल ईसा इब्न याह्या. थोर वैद्य आणि तत्त्वज्ञ इब्न सीना याचा तो गुरू असे परंपरा सांगते. दोघे मिळून गझनीच्या महमूदाच्या हाती लागू नये म्हणून पळाले आणि वाळवंटातल्या वादळात अबू सहल गेला, अशी कथा आहे. ग्रंथांत त्याला लोक एका बिरुदाने ओळखतात: अल-मसीही, म्हणजे 'ख्रिस्ती'. या बिरुदाचा मी पुष्कळदा विचार केला आहे. माणसाचे स्वतःचे नाव ईसा, म्हणजे येशू. बापाचे याह्या, म्हणजे योहान. बायबलमधली इतकी थोर नावे पाठीशी असूनही लोकांना 'हा ख्रिस्ती बरं का' असे वेगळे सांगावे लागले! नाव धर्म सांगत असते तर या बिरुदाची गरजच पडली नसती.

उलट बाजूही बघा. अब्बासी खिलाफतीत अली इब्न ईसा नावाचा वजीर गाजला, ८५९ ते ९४६. 'चांगला वजीर' म्हणून इतिहास त्याला ओळखतो. तो मुसलमान, पण त्याचे घराणे पूर्वीचे ख्रिस्ती. आणि नेमक्या याच नावाचा, अली इब्न ईसा नावाचा, दुसरा माणूस पुढे बगदादेतच डोळ्यांचा वैद्य होता. नेत्ररोगांवरचा त्याचा ग्रंथ पुढे शतकानुशतके वैद्यांच्या हाती राहिला, लॅटिनमध्येही गेला. या वैद्याला इतिहासकार सहसा ख्रिस्ती मानतात. एक नाव, एक शहर. नुसत्या नावावर बोट ठेवून कोण मशिदीत जात होता आणि कोण चर्चमध्ये, हे सांगता यायचे नाही.

कुंपण घालायचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. खलिफा उमर यांच्या नावावर सांगितला जाणारा एक करारनामा आहे. मुसलमानी राज्यातल्या ख्रिस्त्यांनी काय करायचे नाही याची त्यात यादी आहे. त्यातले एक कलम असे की आम्ही मुसलमानांच्या कुन्या धारण करणार नाही. कुन्या म्हणजे 'अमक्याचा बाप' अशा अर्थाचे मानाचे नाव: अबू अली, अबू झैद, अबू सहल. हे कलम प्रत्यक्षात किती पाळले गेले ते वर आलेल्या नावांवरूनच कळेल. अबू सहल ख्रिस्तीच होता. ईसा इब्न झुरआची कुन्या अबू अली. ग्रीक वैद्यक अरबीत आणणारा थोर भाषांतरकार हुनैन इब्न इसहाक, तोही ख्रिस्ती, त्याची अबू झैद.

गंमत अशी की मुसलमानांच्या बाजूनेही एक कुंपण घालून पाहिले गेले. 'अबू ईसा' ही कुन्या चालेल का? ईसांना बाप नव्हता, मग 'ईसाचा बाप' म्हणवून घेणे बरे दिसते का? हदीस म्हणजे प्रेषितांच्या वचनांच्या आणि वागण्याच्या आठवणी. सुनन अबू दाऊद या हदीससंग्रहात नोंद आहे की उमर यांनी स्वतःच्या मुलाला ही कुन्या घेतल्याबद्दल मारले. मुघीरा इब्न शुअबा हे सहाबी, म्हणजे प्रेषितांचे सोबती, तेही अबू ईसा म्हणवून घेत. उमर यांनी त्यांनाही हटकले, तेव्हा त्यांनी उत्तर दिले की ही कुन्या मला खुद्द प्रेषितांनी दिली आहे. पुढे सुन्नी मुसलमानांच्या सहा प्रमाण हदीससंग्रहांपैकी एकाचा कर्ता, ८९२ मध्ये वारलेला इमाम तिरमिझी, याची कुन्या हीच होती. त्याच्या ग्रंथात हदीस सांगून झाली की पुढे येते: "अबू ईसा म्हणतो." पानोपानी, शेकडो वेळा. दोन्ही कुंपणे अशी मोडली. ती कुणी आंदोलन करून मोडली नाहीत. लोक आपल्या मुलांना आवडीची, वाडवडिलांची, कानाला ओळखीची नावे ठेवत राहिले, एवढेच.

१२१९ मध्ये क्रुसेडची फौज इजिप्तच्या दामिएटाला वेढा घालून बसली होती. येशूंच्या थडग्याचे शहर सोडवायचे, हे तिचे ब्रीद. त्या शहराला, जेरुसलेमला, तटबंदी असेल तर उद्या ती शत्रूच्याच उपयोगी पडेल, म्हणून दमास्कसच्या अमिराने ती पाडून टाकली. हा अमीर सलाउद्दीनचा पुतण्या. त्याचे नाव अल-मुअज्जम ईसा. येशूंसाठी आलेल्या फौजेसमोर उभा राहिलेला माणूस येशूंच्याच नावाचा होता. क्रुसेडला दोन संस्कृतींचे युद्ध म्हणून दोन रंगांत रंगवणाऱ्यांनी या नावापाशी थोडे थांबावे.

आपल्याजवळच्या काळात आले तर मला सर्वांत जवळचा वाटतो तो पॅलेस्टाइनमधल्या याफाचा ईसा अल-ईसा. नावही ईसा, आडनावही ईसा. १८७८ चा जन्म, ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती कुटुंब. १९११ मध्ये त्याने चुलतभाऊ यूसुफ अल-ईसा याच्यासह 'फलस्तीन' नावाचे अरबी वर्तमानपत्र काढले. आज पॅलेस्टाइन म्हटले की इकडच्या अनेकांना तो मुसलमानांचाच प्रश्न वाटतो. पण त्या देशाचे नाव शिरावर मिरवणारे हे गाजलेले पत्र एका ख्रिस्ती माणसाने काढले होते आणि ते १९६७ पर्यंत निघत राहिले. त्याचा पहिला मोठा झगडा तर स्वतःच्याच चर्चशी होता. जेरुसलेमच्या ऑर्थोडॉक्स चर्चचे भाविक अरब आणि वरचे धर्माधिकारी सगळे ग्रीक. आमच्या चर्चचा कारभार आमच्या हाती यावा, हा त्याचा आग्रह होता. ही मागणी त्याने अरब म्हणून केली. त्याचे नाव त्याच्या धर्माविषयी जेवढे बोलते त्याहून कितीतरी जास्त त्याच्या भाषेविषयी बोलते.

आणि जेरुसलेमचा ईसा बुल्लाता. जन्म १९२९, मृत्यू २०१९. ख्रिस्ती घरातला हा विद्वान माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात अरबी साहित्य आणि कुराण शिकवायचा. कुराणाच्या भाषेचे अद्वितीयपण हा त्याच्या अभ्यासाचा विषय. दुसरीकडे बहरीनवर १९६१ ते १९९९ राज्य केलेले शेख ईसा बिन सलमान अल खलिफा. तिथे नोकरी केलेल्या मराठी माणसाला त्यांच्या नावाचे ईसा टाउन ठाऊक असते. एक ख्रिस्ती ईसा कुराण शिकवतो, एक मुसलमान ईसा राज्य चालवतो, आणि अरबी जगात यात कुणाला काही विचित्र वाटत नाही.

पण इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडायला हवी. नाव सामायिक असले म्हणजे मने जुळलेली असतात असे मुळीच नाही. वाईट दिवसांत अनेक अरब ख्रिस्त्यांनी मुलांना समीर, नबील, कमाल अशी कुठेही खपणारी नावे दिली ती प्रेमापोटीच दिली असे नाही. वर्गात, फौजेत, सरकारी कचेरीत पोराच्या कपाळावर शिक्का नको, हाही विचार त्यामागे असे. दुसऱ्या टोकाला लेबनॉनमधल्या अनेक ख्रिस्ती घरांनी मिशेल, जॉर्ज, पिएर अशी फ्रेंच नावे घेतली, ती आपण वेगळे आहोत हे दिसावे म्हणूनही. दोन्ही निवडी समजण्यासारख्या आहेत. आईबाप पोराला नाव देतात तेव्हा त्यात आशा असते तशी भीतीही असते. म्हणून सामायिक नाव हा सलोख्याचा पुरावा आहे, असा माझा दावा नाही. माझा दावा लहान आहे: नाव पाहून माणसाचा धर्म ठरवण्याचा अधिकार तिसऱ्या कुणाला मिळत नाही.

हा अधिकार घेतला की काय होते याचा सर्वांत भीषण दाखला बैरूतचा. ६ डिसेंबर १९७५. लेबनॉनचे यादवी युद्ध सुरू होऊन काही महिने झाले होते. त्या शनिवारी फलांजिस्ट या ख्रिस्ती पक्षाच्या मिलिशियाच्या, म्हणजे हत्यारबंद दलाच्या, लोकांनी शहरात नाके लावले, गाड्या अडवल्या, ओळखपत्रे मागितली. तिथल्या ओळखपत्रावर धर्म-पंथ लिहिलेला असे. तो मुसलमानी निघाला की माणसाला बाजूला घेऊन मारले जाई. पुढे दुसऱ्या बाजूनेही असेच सूड उगवले गेले. मला यातली एक गोष्ट सोडवत नाही. मारणाऱ्यांना कार्ड बघावे लागले! चेहरा, पेहराव, बोली आणि नाव, यांपैकी कशावरूनही त्यांना खात्रीने ठरवता येईना, इतकी ती माणसे एकसारखी होती. जे नावाने वेगळे होईना ते सरकारी रकान्याने वेगळे केले. हे युद्ध मिटवण्यासाठी झालेल्या १९८९ च्या ताइफ करारात ओळखपत्रावरचा पंथाचा उल्लेख काढण्याचे कलम घालावे लागले, ते या रक्तानंतर.

मलेशियात वाद नावाचा नव्हता, शब्दाचा होता, पण मूळ तेच. तिथल्या कॅथलिकांचे 'द हेराल्ड' हे साप्ताहिक मलय आवृत्तीत देवासाठी 'अल्ला' हा शब्द वापरी. मलय बोलणारे ख्रिस्ती पिढ्यान्‌पिढ्या तोच शब्द वापरत आले आहेत. सरकारने मनाई केली. ३१ डिसेंबर २००९ ला उच्च न्यायालयाने साप्ताहिकाच्या बाजूने निकाल दिला आणि पुढच्याच महिन्यात चर्चांवर जाळपोळीचे हल्ले झाले. २०१३ मध्ये वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरवला. २०२१ मध्ये वेगळ्या खटल्यात, सारवाकच्या एका ख्रिस्ती बाईच्या सीडी विमानतळावर जप्त केल्या होत्या त्या प्रकरणात, उच्च न्यायालयाने १९८६ चा मनाईचा आदेशच बेकायदा ठरवला. एवढी वर्षे हा झगडा चालला, आणि तिकडे अरब ख्रिस्ती आपल्या बायबलात अल्लाच वाचत होते. त्यांच्यात अब्दुल्ला नावाचे पाद्री झाले, भिक्षू झाले. लेबनॉनच्या डोंगरात शुवैरच्या मठात १७३४ मध्ये ज्याच्या हातून तिथल्या अरबी छापखान्याचे पहिले पुस्तक निघाले तो धर्मसेवकही अब्दुल्लाच, अब्दुल्ला झाखेर. अब्दुल्ला म्हणजे अल्लाचा दास. प्रेषित मुहंमदांच्या वडिलांचे नाव तेच.

इंडोनेशियाचे प्रकरण अधिक नाजूक आहे. तिथे गुड फ्रायडे आणि स्वर्गारोहण या सुट्ट्यांच्या सरकारी नावांत 'ईसा अल्मसीह' असे. २०२४ च्या सुरुवातीला राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने तिथे 'येसुस क्रिस्तुस' आले. मागणी खुद्द ख्रिस्त्यांची होती: आमच्या सणाला आमच्या प्रार्थनेतले नाव द्या. ही मागणी मला रास्त वाटते. कुराणातले ईसा प्रेषित आहेत, देवाचे पुत्र नाहीत, आणि कुराण त्यांचा क्रूसावरचा मृत्यू मान्य करत नाही. हा फरक काही किरकोळ नाही, आणि गुड फ्रायडेच्या दिवशी तर तो फार मोठा आहे. आपल्या प्रभूला कोणत्या नावाने हाक मारायची हे ज्याचे त्याने ठरवावे. पाकिस्तानातले अनेक ख्रिस्तीही 'ईसाई'पेक्षा 'मसीही' म्हणवून घेणे पसंत करतात, त्यांनाही तो हक्क आहे. माझी धास्ती पुढच्या पावलाची आहे. सणाचे नाव वेगळे झाले म्हणून 'ईसा त्यांचा, येसुस आमचा' अशी भाषेची वाटणी होऊ नये. श्रद्धा वेगळ्या असतात, असू द्याव्यात. पण त्या वेगळ्या आहेत म्हणून शब्दांचेही सातबारे वेगळे करायला निघालो, तर बेथलेहेमच्या ख्रिस्ती आजीने आजोबांवरून नातवाला ठेवलेले ईसा हे नाव कोणाच्या खात्यात घालणार?

आणि हे सगळे दूर अरबस्तानात घडते असे आपण मराठी माणसांनी समजू नये. आपण दररोज लिहितो, इ. स. इसवी सन. हे इसवी म्हणजे 'ईसाचे'. मराठी बायबलमध्ये येशू आहे, गोव्याच्या कोंकणीत पोर्तुगिजांकडून आलेला जेजू आहे. १६१६ मध्ये रायतूरला छापलेल्या फादर स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणातही तो जेजूच. पण काळ मोजायला मात्र आपण अरबी रूप धरले. शिवरायांचा राज्याभिषेक इ. स. १६७४ चा असे जो जो लिहितो, तो तो कुराणातले येशूंचे नाव लिहितो. 'सन' हा शब्दसुद्धा अरबी. पेशवे दफ्तरातली कागदपत्रे तर शुहूर सन या जुन्या कालगणनेचे आकडे अरबी शब्दांत लिहीत: सलास, अर्बा, खमस, सबा. ती लिहिणाऱ्या कारकुनांच्या कपाळी गंध होते आणि खांद्यावर जानवे.

माणसांच्या नावांचेही तसेच. मालोजीराजांना अहमदनगरच्या शाह शरीफ पिराच्या नवसाने मुलगे झाले, म्हणून एकाचे नाव शहाजी आणि दुसऱ्याचे शरीफजी ठेवले, असे बखरींची परंपरा सांगते. शरीफ हा निखळ अरबी शब्द. हैबतरावातली हैबत अरबी. इनामदारातले इनाम अरबी, आणि हे आडनाव आपल्याकडे ब्राह्मणांतही आहे, मुसलमानांतही. कोकणात मुसलमान देशमुख आहेत, पाटील आहेत. मी पुण्यात भाड्याने घर बघत होतो तेव्हा दलालाने फोनवर आधी नाव विचारले, मग आडनाव, मग थोडे घुटमळून 'म्हणजे आपले कोण?' असे विचारले. माझ्या आधी ज्यांना त्याने घर दाखवायचे टाळले होते त्या जोडप्याचे आडनाव इनामदार होते. त्याने ते स्वतःच मला सांगितले, सावधपणाचे कौतुक व्हावे अशा सुरात. त्या जोडप्याचा धर्म त्याला ठाऊक नव्हता. तो त्याने गृहीत धरला होता. मी ते घर घेतले नाही. पण त्याला तोंडावर काही बोललोही नाही, आणि त्याची रुखरुख अजून आहे.

फत्तेपूर सिक्रीच्या बुलंद दरवाज्यावर एक लेख आहे. शाळेच्या सहलीत आपण त्याखालून जातो आणि उंची किती हे पाठ करून परत येतो. तो लेख अकबराच्या दख्खन आणि खानदेशच्या विजयाचा आहे, १६०१ चा. आपल्या धुळे-जळगावकडचा खानदेश. अकबराने शहजादा दानियालच्या नावावरून त्याला दानदेश म्हणवले होते, तेही नाव त्यात आहे. विजयाच्या नोंदीला लागूनच पुढे येते: ईसा म्हणाले, हे जग एक पूल आहे, त्यावरून पुढे जा, त्यावर घर बांधू नका. आमची भूमी जिंकल्याची नोंद ज्या दगडावर आहे त्याच दगडावर एका मुसलमान बादशहाने येशूंचे म्हणून हे वचन कोरून घेतले, अरबी नावाने. ते नाव वाचून दरवाज्याचा धर्म कोण ठरवणार?

कुणी म्हणेल, दहापैकी नऊ वेळा नावावरून धर्म बरोबर ओळखता येतो, मग एवढा बाऊ कशाला? ओळखता येत असेल. पण घर, नोकरी, शाळेतला प्रवेश आणि पोलीस चौकी इथे दहाव्या माणसाचाही हक्क पुरताच असतो. आणि उरलेल्या नवांचा धर्म बरोबर ओळखला, तरी ज्या कामासाठी ओळखला त्या कामाला तो मुळात लागत होता का? घरमालकाला भाडे वेळेवर मिळेल का हे हवे असते. ते विचारावे. कंपनीला काम येते का हे हवे असते. ते तपासावे. जिथे धर्म खरोखर लागतो, लग्नाच्या नोंदणीत, दफनाच्या जागेत, तिथे माणसाला सरळ विचारावे आणि त्याच्या तोंडून ऐकावे. अंदाजाने भरलेला रकाना कोराच मानावा.

भाईंनी हे माझ्या आधी ओळखले. २०२४ चा रमजान ११ मार्चला लागला, आणि आठवड्याभरात त्या स्टोअरकीपरचा ईस्टरचा उपासही. या वेळी भाई पगारपत्रक घेऊन बसले नाहीत. हातात वही घेऊन एकेकाकडे गेले. येणार का, किती वाजता, काय चालत नाही, असे विचारत फिरले. संध्याकाळी ती वही मी पाहिली. ईसाचे नाव होते आणि पुढे पेन्सिलीने लिहिले होते: मांस नको, ताक नको, डाळ जास्त.